टोपी काढून लिहिलेली पत्रे

तात्या अर्जनवीस अर्ज लिहिताना टोपी घालत आणि पत्र लिहिताना ती काढून मांडीशेजारी ठेवत. अमरावतीच्या कचेरीच्या व्हरांड्यात, पूर्वेच्या टोकाला, त्यांची बैठक होती. टोपी डोक्यावर असली की लांबूनच कळे, कुणाचे तरी साहेबाशी काम आहे. टक्कल उघडे दिसले की समजावे, कुणाची लेक सासरी आहे किंवा मुलगा परगावी.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेले होते आणि मी त्याच कचेरीत नकलनवीस होतो. दोन वर्षे पुण्याला शिकून आलो होतो. वऱ्हाडी 'मले, तुले' जिभेवरून खरवडून काढल्याचा मला अभिमान होता. तात्या मला पुणेकर म्हणत. दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ पान खायला बसे आणि मनातल्या मनात त्यांची भाषा सुधारत असे.

कागद पुढे ओढण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे, "हे वाचनार कोन?" एकदा संत्र्यांचा एक व्यापारी आला. बायको रुसून माहेरी, शेंदूरजनाघाटला जाऊन बसली होती.

"तात्या, असं भारी लिवा का वाचूनच चाट पडली पायजे."

"बायको हाय का कमिशनर हाय? घरी काय मनतं तू तिले?"

तो लाजला. "मनत काही नाही. दारात आलो का खाकरतो."

तात्यांनी तेच लिहिले. 'तू गेल्यापासून दारात खाकरतो, अन् घरातून कोनी ओ देत नाही.' बायको त्याच आठवड्यात परत आली.

याच्या उलट एक भिक्षुक. देवळासमोरच्या तुंबलेल्या नालीसाठी अर्ज करून थकलेले. "लिहा त्यांना, डोळे फुटले का म्हणून," ते म्हणाले. तात्यांनी टोपी नीट बसवली आणि लिहिले, 'मेहेरबान साहेबांची नजर अद्याप सदर नालीकडे वळलेली नसावी.' भिक्षुकांचे समाधान होईना. तात्या म्हणाले, "शिवी तशीच हाय महाराज. फक्त टोपी घातली तिले."

पत्र सांगणारा माणूस बोले तसे ते आधी पेन्सिलीने टिपून घेत, अक्षर न बदलता. मग दुपारी निवांत शाईने कार्डावर उतरवत. मी एकदा या पद्धतीला हसलो, तेव्हा म्हणाले, "सायबाले 'मले' लिवलं तं तो हासते. अन् मायनं 'मला' लिवलं तं पोरगं भेते." मला तो अडाणी विनोद वाटला.

त्यानंतर काही महिन्यांनी तात्यांच्या अंगठ्याला नखुरडे झाले. त्याच सकाळी गंगाबाई नावाची भाजीवाली माळीण पत्र सांगून गेली होती. तिचा धाकटा मुलगा नामदेव वाडीच्या हिश्श्यावरून भावाशी भांडला होता आणि अकोल्याला कापसाच्या एका जिनात कामाला लागला होता. तात्यांनी कसेबसे पेन्सिलीने टिपले आणि कागद माझ्याकडे दिला. "पुणेकर, तुयं अक्षर चांगलं. जसंच्या तसं उतरवजो."

कागदावर होते: 'नामदेवा, काहून येऊन नाही राहिला रे? विहिरीले पानी हाय. वांगे लागले. तुया भाऊ आता काही मनत नाही. मी वाट पाहून राहिली. येजो.'

मी कार्डावर लिहिले: 'आपण अद्याप न येण्याचे कारण त्वरित कळवावे. विहिरीस पाणी असून पीक उभे आहे. आपल्या बंधूंची आता काही हरकत नाही. तरी समक्ष यावे.' एका अडाणी बाईचे पत्र चारचौघांत वाचण्याजोगे केले, असे मला वाटले. तात्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि न वाचताच ते पेटीत टाकायला सांगितले.

उत्तर आले ते वकिलाच्या भाषेत. वाडीवरचा हक्क सोडणार नाही, पुढचे बोलणे वकिलामार्फत. गंगाबाई ते वाचून घ्यायला आली, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. तात्यांनी ते मनात वाचले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि तिला म्हणाले, "बाई, पत्र लिवन्यात मायी चूक झाली. पोरगं भेलं. मी आनतो त्याले."

"मी तं नीट तोंडानं सांगतलं होतं तात्या. तुमच्याकडून अशी काहून चूक झाली?"

तात्या गप्प राहिले. मीही. माझ्या तोंडात पान होते, एवढीच काय ती माझी सबब.

दुसऱ्या दिवशी ते पेन्सिलीचा कागद घेऊन आगगाडीने अकोल्याला गेले. माझे कार्ड नामदेवाला जिनातल्या मुनिमाने वाचून दाखवले होते आणि ही नोटीस आहे म्हणून सांगितले होते. जिनाच्या फाटकाशी तात्यांनी टोपी काढली आणि आईचे बोलणे वाचले. "'येजो'पर्यंत वाचत आलो," ते मला नंतर म्हणाले, "अन् त्यानं कागदच घेतला हातातून. वाचता येत नाही त्याले. नुसता पाहत राहिला."

नामदेव परत आला. पण भाजीबाजारात बोलणे पसरले, तात्याने गंगीच्या पोराले नोटीस धाडली. बाया पत्रे दुसरीकडे नेऊ लागल्या. अर्ज येत राहिले, पत्रे थांबली. त्यानंतर तात्यांची टोपी दिवसभर डोक्यावर दिसे. मी एक शब्द बोललो असतो तर ती उतरली असती. मी बोललो नाही. कचेरीत हसू होईल याची मला भीती वाटली. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाले, "तुयी मराठी चांगली हाय पुणेकर. कोनाच्या घरात शिरून राहिली, तेवढं पाहत जाजो."

पुढे माझी अकोल्याला बदली झाली. कित्येक वर्षांनी मी त्यांना क्षमेचे पत्र लिहिले. 'माझ्या प्रमादामुळे आपणांस जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मी अंतःकरणपूर्वक दिलगीर आहे.' तेच पत्र आठ दिवसांत परत आले. समासात पेन्सिलीने लिहिले होते, 'अर्ज पोचला. पत्र पाठवजो.'

मी नवे कार्ड आणले. 'तात्या' लिहिले आणि अडलो. 'तुम्हांला' लिहिले तर पुन्हा अर्ज होत होता. 'तुमाले' लिहायला हात वळेना. असे दिवस गेले आणि एक दिवस ते गेल्याचे कळले. त्या कार्डावर अजून तो एकच शब्द आहे.

हे वाचणार कोण, ते या वेळी मी आधी ठरवले आहे. त्या बाजारातल्या बायांच्या मुलानातवंडांना आता वाचता येते. त्यांनी घरी वाचून दाखवावे.

नामदेवाले नोटीस तात्यानं नाही धाडली. मी धाडली.