आत्याचे हात

माझ्या आत्याचे हात भर पावसाळ्यातही गरम असायचे. मालवणजवळच्या आमच्या वाडीत, समुद्र आणि माडांच्या मधल्या अरुंद पट्टीत, आमचं कौलारू घर होतं. दुपारी त्या घराच्या ओट्यावर बायका आपली किरकिरी मुलं घेऊन येत. आमच्या चर्चमधल्या येत, तशा शेजारच्या गाबितवाड्यातल्या हिंदू बायकाही येत. आत्या फादरांनी आशीर्वाद दिलेल्या खोबरेलात बोट बुडवी, मुलाच्या कपाळावर क्रूस काढी आणि टाळूवर तळहात ठेवून डोळे मिटून बसे. तिचे ओठ हलत, आवाज येत नसे. थोड्या वेळाने मूल आईच्या मांडीवर मान टाकून झोपी जाई. कधीकधी मलाही तिथेच बसल्या बसल्या झोप लागे, आणि झोपेत समुद्राचा आवाज आत्याच्या हातातूनच येतो आहे असं वाटे.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नव्हतं, ती आमच्याकडेच राहायची. वडील ट्रॉलरवर जात आणि कित्येक दिवसांनी घरी येत. त्यामुळे घर म्हणजे माय, आत्या, मी आणि माझी धाकटी बहीण.

अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस रेडीला माझी आजी आजारी पडली आणि माय माहेरी गेली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, बहीण तीनची. माय गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीला ताप भरला. आत्याने तिला मांडीवर घेतलं आणि कपाळावर हात ठेवला.

शेजारीण कुंपणापाशी येऊन म्हणाली, "अंग भाजता गो तिचा. डॉक्टराकडे ने."

"सकाळपर्यंत बगूया," आत्या म्हणाली. "देव काय टाकूचो नाय."

सकाळ झाली, ताप उतरला नाही. आत्या उठली नाही. तो दिवस मला पाण्याखालून पाहिल्यासारखा आठवतो. छपरातल्या काचेच्या कौलातून पडलेला कवडसा जमिनीवरून सरकत होता आणि त्यात आत्याचे ओठ सारखे हलत होते. बहिणीने डोळे उघडणं बंद केलं होतं. तिन्हीसांजेला वडील किनाऱ्यावरून आले. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, तिला चादरीत गुंडाळलं आणि रिक्षा बोलवायला धावले.

बहीण वाचली. ताप मेंदूत गेला होता, डॉक्टर म्हणाले. इस्पितळातून घरी आणल्यावर एका सकाळी अंगणात माडाचं मोठं चुडत, वाळकी झावळी, दाणकन पडलं. आम्ही सगळे दचकलो. बहीण त्याच्याकडे पाठ करून शिंपले मांडत बसली होती. तिने मानही वळवली नाही.

रेडीहून परतलेल्या मायने तिच्या पाठीमागे टाळ्या वाजवल्या. हाक मारली. ताट आपटलं. मग ती आत्याकडे वळली. ओरडली नाही.

"आजपासून माझ्या चेडवाक हात लावू नको," ती म्हणाली.

आत्याने मान हलवली.

घरात भांडण झालं नाही. वडिलांनी आत्याला घराबाहेर काढलं नाही, मायनेही तसं म्हटलं नाही. आत्या मागच्या खोलीत राहू लागली. ओट्यावर बायका आल्या की सांगायची, "माका तां येयना नाय आता. चला, डॉक्टराकडे जावया." आणि खरोखरच त्यांच्याबरोबर जायची. वाडीतल्या कुठल्याही पोराला ताप आला की रिक्षात बाजूला बसलेली आत्या दिसायची, हात पदराखाली घेतलेली.

मायने चर्च सोडलं नाही. पण कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला सगळे रांगेत उभे राहिले की ती बाकावर बसून राही आणि मी तिचे गुडघे ओलांडून पुढे जाई. मनात राग धरून ती भाकर घ्यायची नसते. एका रविवारी मिस्सा संपल्यावर अंगणात तिने फादरांना गाठलं. मी तिच्या शेजारीच उभी होते.

"फादर, माका तिका माफ करूक जमना नाय."

फादर कुठल्या तरी दूरच्या गावचे, छापील मराठी बोलत. ते म्हणाले, "जमत नाही, हे तरी देवाला सांगता येतं ना? तेवढंच सांगत राहा."

"सांगतंय. रोज सांगतंय. तो काय बोलना नाय."

"नाही बोलणार लगेच," फादर म्हणाले आणि तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले.

अशी वर्षं गेली. बहीण मोठी होत होती. डोळ्यांनी आणि तळव्यांनी तिला जग कळायचं. लाट मोठी आहे की लहान, हे ती ओल्या वाळूवर अनवाणी उभी राहून ओळखायची. मायने हात लावायला मना केलं होतं ते आत्याला. बहिणीला कुणी काय सांगणार?

आत्या संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून हलक्या आवाजात देवाची गाणी गुणगुणत असे. एकदा बहीण तिच्याजवळ गेली आणि हलणारे ओठ बघत राहिली. मग तिने आपला तळवा आत्याच्या गळ्यावर ठेवला. क्षणभर तिचा चेहरा थांबल्यासारखा झाला आणि ती हसली. आत्या गात राहिली. त्यानंतर रोज संध्याकाळी हेच होऊ लागलं. बहीण आत्याच्या अंगाला चिकटून डोळे मिटायची, आत्या गायची, आणि आत्याचे दोन्ही हात पदराखाली असायचे. मायला दिलेला शब्द ती तसा पाळत होती.

मायने हे किती दिवस पाहिलं असेल, मला माहीत नाही. सप्टेंबरातली संध्याकाळ होती, मोंतीच्या सणाचे, मरियामातेच्या जन्मदिवसाचे दिवस. त्या सायबिणीला वाहायची फुलं परडीत भरून ठेवलेली, आणि उन्हाचा पिवळा धूर माडांतून खाली उतरत होता. पायरी शेवाळाने बुळबुळीत झाली होती. बहीण डोळे मिटून, गळ्यावर हात ठेवून, मागे मागे कलत चालली होती. आत्या गाता गाता अस्वस्थ झाली, आपला खांदा तिच्या पाठीमागे सरकवू लागली. पण हात बाहेर काढीना.

माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मी तिच्या मागे.

"हात कित्याक दडवून बसलंस?" माय म्हणाली. "धर तिका. पडात ती."

आत्याने वर पाहिलं नाही. पदर बाजूला झाला, तिचे हात बाहेर आले आणि बहिणीच्या पाठीभोवती गेले. तिचं गाणं थांबलं होतं. बहिणीने डोळे उघडून तिचा गळा दोनदा थोपटला, चालू कर म्हणून.

माय चुलीपाशी परतली. बराच वेळ आमटी ढवळत राहिली. मग मला विचारलं, "मीठ घातलंय काय गो मी ह्याच्यात?"

तेवढ्याने सगळं सरळ झालं असं नाही. कम्युनियनच्या रांगेत माय उभी राहिली ती त्यानंतर एक पावसाळा गेल्यावर. आत्याशी तिचं बोलणं मासळी, पाणी, कपडे एवढंच. आणि मग माय स्वतः तापाने पडली. त्या वर्षी शेतातल्या साचलेल्या पाण्यातून होणारा उंदरांचा ताप बऱ्याच जणांना झाला होता. पहिल्याच दिवशी आत्याने रिक्षा आणली, मायला उचलून बसवलं, इस्पितळात तिच्या उशाशी राहिली. माय घरी आली तेव्हा चादरीखाली आहे की नाही कळू नये इतकी उतरली होती.

दुपारची वेळ. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, त्याचा उजेड मात्र भिंतीवर हलत होता. आत्या खाटेच्या कडेवर पेज घेऊन बसली होती. माय डोळे मिटूनच म्हणाली, "बाय, हात ठेव माझ्या कपाळार."

आत्याने पेजेची वाटी खाली ठेवली. "गोळी घेतलंस?"

"घेतलंय. तरी ठेव."

आत्या माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काही सांगणार होते. मग तिने हात पदराला पुसला आणि मायच्या कपाळावर ठेवला. त्या वेळी तिने प्रार्थना केली की नाही ते मला कळलं नाही. ओठ हलत नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही, कारण दुसऱ्या हाताची बोटं मायने धरून ठेवली होती.

"गरम आसा अजून," माय म्हणाली, आणि तिला झोप लागली.

शाळेतून आलेली बहीण दप्तरासकट त्यांच्या पायथ्याशी लवंडली. संध्याकाळी वडील मासळीची पिशवी घेऊन आले तेव्हा तिघी त्या एका खाटेवर गाढ झोपल्या होत्या. वडील दारातच थांबले. मी त्यांच्या हातातून पिशवी घेतली, मागच्या पडवीत गेले आणि बांगडे एकटीनेच साफ केले.