शास्त्राच्या कडेला हळद

पातूरजवळच्या आमच्या गावातून मी निघाले ती कापसाच्या गाडीवर बसून. गाडीत नव्हे, गाडीवर. खाली कापूस आणि वर मी. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात कापसाला जागा होती, माणसाला नव्हती. तिकडे अमेरिकेत गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि इकडे आमच्या काळ्या रानातल्या बोंडांचा भाव आभाळाला टेकला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. माझ्या बापानंही चढवल्या. आईच्या पायातले तोडे मात्र पुढच्या साली बघू म्हणाला.

निघाले त्या दिवशी सारा गाव जमला होता, कारण माझ्या नवऱ्यानं धर्म बदलला होता. ते अमरावतीच्या कापूस बाजारात तोलाईच्या कामाला गेले, तिथे पाद्रीसाहेबाचं प्रवचन ऐकायला लागले आणि बाप्तिस्मा घेऊनच मला न्यायला आले. पंच म्हणाले, पोरगी पाठवू नका. बाप म्हणाला, पाठवत नाही. नवरा म्हणाला, नेतोच. मला कुणी विचारलंच नाही. शेवटी मीच म्हणाले, "मी जाईन." का म्हणाले? धर्म समजला म्हणून? कसला डोंबलाचा धर्म! मला अमरावती बघायची होती. सारं घर रडत होतं आणि ही शहाणी कापसाच्या ढिगावर बसून नव्या लुगड्याला चिकटलेली रुई झटकत होती.

आई गाडीपाशी आली. कुंकवानं भरलेला लाकडी करंडा आणि हळदीची पुडी तिनं माझ्या ओटीत टाकली. "जाते त जाय," म्हणाली. "पण कपाळ उघडं ठेवू नोको. तुहा नवरा जिता आहे."

गावात राहिलेल्या माझ्या भाच्यांनो, आणि माझ्यासारख्याच निघून आलेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. अलीकडे मला कोणी ना कोणी विचारतं, आजी, शास्त्राच्या, म्हणजे बायबलाच्या पानांच्या कडेला चित्रं काढायला सुरुवात कशी करावी? जशी काही ही रिकामपणाची हौस आहे! हौस नव्हती ती. अडाणीपणानं सुरू झालं आणि रागानं टिकलं.

अमरावतीला पाद्रीसाहेबाच्या बंगल्याच्या मागे खोल्यांची एक ओळ होती, तिथे आम्ही राहिलो. माझाही बाप्तिस्मा झाला, सखूची सारा झाले. मग उपदेशक मास्तर आले. ते घाटावरचे, नगरकडचे. त्यांचा प्रत्येक शब्द धुऊन वाळवलेला असायचा. म्हणाले, "साराबाई, कपाळावरची ती खूण आता आपली नव्हे. पुसून टाका." आणि मी पुसली! तिथल्या तिथे, पदरानं. आज आठवलं की त्या पोरीच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. अगं, कोणत्या अध्यायात सांगितलंय, एवढं तरी विचारायचं! पण तेव्हा मला मास्तरांच्या पायांतल्या मोज्यांचंच कौतुक वाटत होतं. करंडा कोनाड्यात तसाच राहिला. लावता येईना, फेकवेना.

पाद्रीसाहेबाच्या मडमसाहेब बायकांना वाचायला शिकवायच्या. त्यांनी मला शुभवर्तमानांचं, म्हणजे येशूच्या चरित्रांचं पुस्तक दिलं. अक्षर अक्षर जोडत मी वाचू लागले, पण पान काही सापडायचं नाही. सगळी पानं सारखीच, काळ्या मुंग्यांच्या रांगा. रविवारी मास्तर अमुक अध्याय काढा म्हणायचे, बाया सराईतपणे पानं उलटायच्या, आणि मी भलतंच पान उघडून भक्तिभावानं मान डोलवायची. एकदा तर पुस्तकच उलटं होतं. शेजारणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा कळलं.

म्हणून मी खुणा करायला लागले. नावेच्या गोष्टीपाशी मासा. हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीपाशी मेंढरू. येशूनं सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यापाशी मात्र मी अडले. तो माणूस मुठीनं बी उधळत निघतो, काही वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत. असला गडी आमच्या बापानं दुपारपर्यंतही कामावर ठेवला नसता! मी तिथे सरळ पेरणीची तिफण काढली आणि तिच्या मागे चाडं धरून नळ्यांत बी सोडणारी बाई. रंग कुठला? कोनाड्यात होता ना. कपाळाला चालत नाही म्हणता? बरं, मग इथे लावते.

तर सुरुवात कशी करायची ते सांगते. तेल घालू नका. मी घातलं. कुंकू सरकीच्या तेलात कालवलं, आणि माझा मासा पानाच्या पाठीवर निघाला, तिथून पुढच्या पानावर, तिथून त्याच्या पुढच्या. पोहत पोहत पार हेरोद राजापर्यंत गेला. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवा आणि त्यात रंग कालवा. काडीच्या टोकाला रुई गुंडाळली की झाली लेखणी. काजळ, नीळ, पळसाची फुलं, सगळं चालतं. पान वाळेपर्यंत मिटू नका. अक्षरांवर जाऊ नका, कडेची दोन बोटं जागा आपली, तेवढी पुष्कळ होते. सुंदर काढायच्या नादी तर लागूच नका. वाचताना जिथे मन अडतं तिथे काढा. आणि काढू का म्हणून कुणाला विचारायला जाऊ नका, कारण ते नाहीच म्हणणार.

मला तर न विचारताच नाही म्हणाले. एका रविवारी मास्तरांनी माझं पुस्तक हातात घेतलं, उघडलं आणि विंचू दिसल्यासारखं लांब धरलं.

"साराबाई, हे काय आहे? पवित्र शास्त्राला हळदकुंकू वाहिलंत? ही मूर्तिपूजा झाली!"

"मूर्ती नाई जी," मी म्हणाले. "मासा आहे."

मडमसाहेबांचं मोठं बायबल बैठकीच्या मेजावर असायचं. त्यात पानंच्या पानं चित्रं. बदकाचे पंख लावलेले देवदूत, पिवळ्या केसांची मरिया, जन्मात ऊन न पाहिलेले मेंढपाळ. त्या पानांवरची धूळ मीच पुसायची. ती चित्रं भक्तीची आणि माझी तिफण पापाची? का बरं? तर त्यांची शाई विलायतेहून जहाजानं आली आणि माझी हळद गाडीवरून आली म्हणून! हे तेव्हा सुचलं असतं तर! तेव्हा मी नुसती खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते.

मास्तरांनी निकाल दिला. पुढच्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रार्थनेत भाकर वाटतात त्या रविवारच्या आत पानं स्वच्छ करा, नाहीतर पुस्तक परत द्या आणि नवं कोरं न्या. जुनं जाळून टाकू. दोन्ही केलं नाहीत तर प्रभूच्या मेजाला बसता येणार नाही.

मी घाबरले. गाव सुटलं होतं, आता हेही सुटलं तर जायचं कुठे? बंगल्यावरचा साबणाचा तुकडा मागून आणला, ओल्या फडक्याला लावला आणि तिफणीवर घासला. पिवळी तिफण लालभडक झाली. हळदीला खार लागला की ती लाल होते हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. कुंकू तसंच तर करतात. पण या बाईनं जितकं लाल झालं तितकं जास्त घासलं. पेरणाऱ्याच्या दाखल्यावर रक्ताचा सडा पडल्यासारखं दिसायला लागलं.

आमचे हे दारातून बघत होते. "काय करून राहिली व?"

"पाप धुऊन राहिली," मी म्हणाले, आणि मला आधी हसू फुटलं, मग रडू.

त्याच आठवड्यात आई आली. भाऊ कापसाची गाडी घेऊन बाजाराला आला होता, त्याच्याबरोबर. गाव सोडल्यावर पहिल्यांदाच भेटत होतो. भावानं गाडी लिंबाखाली सोडली आणि तो भाव विचारायला गेला. आई गाडीतून उतरली, पण दाराकडे वळली नाही. तिथेच गाडीच्या धुऱ्याला टेकून बसली.

"माय, आत ये ना."

"नाई. इथंच बरी आहे मी."

"पाणी आणू?"

"तान नाई मले."

डोक्यावर ऊन, ओठ फुटलेले, आणि म्हणे तहान नाही. बाटलेल्या घरचं पाणी, दुसरं काय! ती नुसती माझ्या कपाळाकडे बघत होती.

"पुसलं ना?"

"पुसलं."

"मंग करंडा फेकून देला असशील."

मला असा संताप आला! इकडच्यांना मी हळदकुंकवाची म्हणून नको, तिकडच्यांना पुसलं म्हणून नको. मी तरातरा आत गेले, पुस्तक आणलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे पाह्य. फेकलं नाई. इथं लावलं."

"खाली ठेव. मी हातात घेत नाई."

मी गोणपाट अंथरलं, त्यावर पुस्तक ठेवलं आणि एकेक पान उलटलं. आईला अक्षरओळख नव्हती. तिला माझ्यासारखं मुंग्यांशी भांडावं लागलं नाही, ती थेट चित्रंच बघायला लागली.

"हे काय व, कोल्हा?"

"मेंढरू आहे."

"मेंढरू! अन् शेपूट काहून एवढं?" मग तिफणीपाशी थांबली. लाल रंगाबद्दल काही विचारलं नाही. "चाडं लई वरतं धरलं तिनं. सारं बी वाऱ्यानं उडून जाईन." मग लूकाच्या शुभवर्तमानाच्या पानावर आली. तिथे मी गव्हाण काढली होती, आणि गव्हाणीत बाळ.

"हे कोणाचं लेकरू?"

"देवाचं."

"मंग गव्हाणीत काहून निजवलं?"

"त्याच्या मायबापाले गावात कोणं जागा देली नाई."

आई पानावर आणखी वाकली. मग एकदम कडाडली, "गव्हाण आहे, त बैल कुठी आहे?"

"पुस्तकात लेहला नाई, माय."

"लेहला नसन! बैलाबिगर गव्हाण राहते का? थंडीचं लेकराले ऊब कोण देईन?" तिनं गाडीतून गेरूचा खडा काढला. भाऊ त्यानं कापसाच्या बोऱ्यांवर खुणा करायचा. "वाटीभर पाणी आण."

मी माझ्या घरातून, माझ्या माठातलं पाणी आणलं. ते ती प्यायली नाही. पण त्यात बोट बुडवलं, गेरू कालवला आणि पुस्तकाला दुसरं बोट न लावता बैल काढला. आधी खांदा, मग पाठ, शिंगं, आणि शेवटी लेकरावर वाकलेलं तोंड. कडेची दोन बोटं जागा त्याला कुठली पुरणार! पाय अक्षरांवर गेले. मी सांगणार होते, अक्षरांवर नको म्हणून. नाही सांगितलं. भाऊ आला, गाडी जुंपली, आणि ती तहानलेलीच गेली.

रविवारी मास्तर कोरं पुस्तक घेऊन उभे होते. माझं पुस्तक त्यांनी माझ्या हातातच उघडलं. आधी लाल तिफण, मग बैल.

"हा बैल शास्त्रात कुठे आहे, साराबाई?"

"गव्हाण आहे ना जी? मंग बैल हाकलला कोणं?"

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. मास्तर हसले नाहीत. "जुनं पुस्तक द्या," म्हणाले.

मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "गाव सोडा म्हटलं, सोडलं. नाव बदला म्हटलं, बदललं. कपाळ पुसा म्हटलं, पुसलं. आता माह्या मायनं काढलेला बैल जाळाले देऊ? नाई देत जी."

"मग तुम्हाला मेजाला बसता येणार नाही."

पुस्तक पोटाशी धरून मी पार मागे, भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळानं पुरुषांच्या रांगेतून आमचे हे उठले, मागे आले आणि माझ्या बाजूला बसले. त्या माणसावर मी आयुष्यभर ओरडले, पण त्या रविवारी ओरडले नाही.

आम्ही तसे मागे बसलो ते मास्तरांची बदली होईपर्यंत. नंतरच्या पाद्रीसाहेबांनी भाकर शेवटच्या रांगेपर्यंत आणली, मी घेतली, संपलं. चुकलं असं कुणी म्हणालं नाही. अजून म्हणत नाही. आणि आता ऐका गंमत. हल्ली अकोल्याला मुलाच्या घरी असते, तिथे नव्या मडमा मला भेटायला येतात. पुस्तक मागतात. वाहवा करतात, किती सुंदर, किती देशी! परवा एक म्हणाली, बंगल्यात काचेच्या कपाटात ठेवू या, सगळ्यांना बघता येईल. ज्याला जाळायला निघाले होते त्याला आता काच हवी! मी म्हणाले, बाई, चहा घ्या आणि चला.

लढाई संपली तसा कापसाचा भाव पडला, शेंब्या गेल्या, भावाची गाडी यायची थांबली. आई गेल्याचं मला तेरावा उलटल्यावर कळलं. गावातल्या घराला माझं कपाळ चालत नाही, आणि या घरात नातवंडं माझ्या बोलण्याला हसतात, "मले-तुले" म्हणून नकला करतात. लोक विचारतात, आजी, तुमचं घर कुठलं? पूर्वी मी लांबलचक सांगत बसायची. आता लूकाचं ते पान उघडते. माझा उंबरा आईनं कधी ओलांडला नाही. या पानात मात्र ती आली, चांगली ऐसपैस, अक्षरांवर पाय देऊन बसली आहे, आणि तिला ऊठ म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही.