पाषाणच्या तळ्यावरचं हळदीकुंकू

लग्नाला पाच-सहा महिने झाले असतील. शनिवारी संध्याकाळी कचेरीतून आल्यावर हे म्हणाले, "उद्या पहाटे पाषाणला जाऊ. हळदीकुंकू आलंय तिकडे."

मी मान हलवली. हळदीकुंकू पहाटे कसं, आणि त्याला पुरुषमाणूस कशाला, असं मनात आलं होतं. पण विचारायचा माझा स्वभाव नव्हता. माझं माहेर दौंडच्या बाजूला, भीमेच्या काठी. तिकडच्या आणि पुण्याच्या पुष्कळ गोष्टी वेगळ्या होत्या. इथे चहा बशीत ओतला तरी लोक बघायचे. तेव्हा हळदीकुंकूही पहाटे असेल, असं मी धरून चालले.

मंडईतून शेवंतीची वेणी आणली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. पहाटे उठून लग्नातली जांभळी रेशमी साडी नेसले, नथ घातली, वरून शाल घेतली. ओटीचे तांदूळ-नारळ आणायला कापडी पिशवीही घेतली. बाहेर काळोख होता. हे स्कूटर कलती करून किका मारण्यात गुंतले होते, माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

तळ्यापाशी उतरले तर टाचा चिखलात रुतल्या. आसपास एकही घर नव्हतं. मी धीर करून विचारलं, "घर कुठलं?"

"कुणाचं घर?"

"ज्यांच्याकडे हळदीकुंकू आहे त्यांचं."

हे माझ्याकडे बघत राहिले. उजाडायला लागलं होतं. त्यांना आधी साडी दिसली, मग नथ, मग हातातली पिशवी. मग तळ्याकडे बोट करून अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "त्या काय, बसल्यात सगळ्या पाण्यात. जा, ओटी भरून घे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून ह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आपली दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. तिचा पट्टा नथीत अडकला, तो सोडवण्यात आणखी वेळ गेला. दुर्बिणीत आधी नुसतं धुकं दिसलं. मग एक तपकिरी बदक दिसलं. काळी चोच, चोचीचं टोक हळदीत बुडवल्यासारखं पिवळं, आणि चोच जिथे कपाळाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना कुंकवाचे लाल ठिपके. त्या बदकाचं नावच हळदीकुंकू.

ह्यांनी खिशातली शेंगदाण्याची पुडी काढून माझ्या पिशवीत टाकली. "हे वाण. आता नाव घे."

हळदीकुंकवाला बायका नव्या नवरीला नाव घ्यायला लावतात, उखाण्यात नवऱ्याचं नाव. मला ते कधी जमलं नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझा घसा सुकतो. तिथे तर दोघंच होतो, तरी मी नुसतं बदकाकडे बोट दाखवलं. हे हसले. म्हणाले, "चालेल. बोटावर भागवू."

तेव्हापासून आमचा तो रिवाजच झाला. रविवारी पाषाण, नाहीतर कात्रज, नाहीतर लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीचा बंधारा. ह्यांच्याआधी मला पक्षी दिसला की हे म्हणायचे, "नाव घे." मी बोट दाखवायचे आणि नाव ह्यांनी घ्यायचं. मग ते वहीत लिहायचं. माझी नजर चांगली होती. लहानपणी नदीकाठी शेरडं राखली होती मी, पाण्याशी काय हललं ते लगेच कळायचं.

मला नावं येत नव्हती असं नाही. आईने शिकवलेली येत होती. पण ती पुस्तकातली नव्हती. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पाचवीचा वर्ग नदीपलीकडच्या गावात होता. एकदा कवडीला ह्यांच्या कचेरीतले तिघं-चौघं बरोबर होते. उथळ पाण्यात लाल काडीसारख्या पायांचा एक पक्षी चालत होता. मी पटकन बोलून गेले, "तो बघा लांबटांग्या!"

एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, हा कुठल्या पुस्तकातला म्हणायचा?" सगळे हसले. हेही हसले. थोडंसंच, पण हसले. त्या पक्ष्याचं नाव शेकाट्या, हे मला सांगण्यात आलं. त्यानंतर मी कधी नाव घेतलं नाही. बोट बरं. बोट चुकत नाही.

राग धरला असं मात्र नाही. ते रविवार चांगलेच होते. स्कूटरवर ह्यांच्या पाठीआड बसून जाताना गुडघे गारठायचे. परत येताना ऊन पाठीवर यायचं आणि मला झोप लागायची. हे ओरडायचे, "झोपू नकोस, पडलीस तर मागे वळून बघायचा नाही मी." आणि वेग कमी करायचे.

एकदा एसटीने भिगवणला गेलो होतो, उजनीच्या पाण्यावर. होडीत मी एकसारखी इकडून तिकडे सरकत होते, तर होडीवाला म्हणाला, "ताई, हलू नगा. होडी हाय ही, पलंग न्हाय." हे इतके हसले की त्यांच्यामुळेच होडी हलली. लांब पाण्यावर गुलाबी रेघ दिसत होती. जवळ गेल्यावर ती रेघ उठली. शेकडो रोहित पक्षी एकदम उडाले आणि त्यांच्या पंखांखालचा लाल रंग आभाळभर झाला. मी दुर्बिणीकडे हात नेला, तर ह्यांनी तो धरला. "राहू दे. हे असंच बघायचं, उघड्या डोळ्यांनी."

पाषाणच्या तळ्यावर आता जलपर्णी पसरली आहे, काठाने इमारती आल्यात. आम्हीही मंडईजवळच्या दोन खोल्या सोडून मुलाकडे विश्रांतवाडीला आलो. तरी मुलाच्या गाडीतून कवडीला जाणं चालू होतं.

ह्यांची नजर जातेय हे मला तिथेच कळलं. माझं बोट एकीकडे असायचं आणि ह्यांची दुर्बीण दुसरीकडे. "हं," म्हणायचे आणि नाव घ्यायचे नाहीत. वहीतल्या ओळी तिरक्या होत गेल्या, एकीवर एक चढल्या. मी बोलले नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. शेवटी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, म्हणाले. फार उरलीही नव्हती. आता उजेड-अंधार आणि समोरच्या माणसाचा आकार, एवढंच कळतं.

ह्यांनी तळं सोडलं. "दुर्बीण कुणाला तरी देऊन टाक," असं मुलाला सांगितलं. मुलगा ती टेबलावर ठेवून कामाला गेला. मी ती उचलून तांदळाच्या डब्यात खोल पुरली. दोन वर्षं हे गॅलरीत खुर्चीवर बसून होते. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. सून एकदा चहात साखर घालायची विसरली, तर मुकाट्याने प्यायले. पूर्वी असं झालं असतं तर तो चहा आठवडाभर गाजला असता. मला त्या मुकाट्याने पिण्याची भीती वाटली. हा माणूस असाच खुर्चीत विझून जाईल, असं वाटायला लागलं. तळ्यावर एकदा तरी न्यायला हवं होतं. पण न्यायचं तर तिथे सांगायचं कुणी? माझ्याजवळ होतं ते बोट.

या थंडीत एका शनिवारी संध्याकाळी मीच म्हणाले, "उद्या पहाटे कवडीला जाऊ. हळदीकुंकू आलंय तिकडे."

"मला काय दिसणार आहे?"

"तुम्हाला कुणी बोलावलंय? बायकांचं असतं ते. मला सोबत म्हणून या."

हे बोलून माझी मीच दचकले.

पहाटे मी ती जांभळी साडी काढली. काठ विरलाय, पण नेसता येते. त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी हात पुढे केला, पदराचा काठ बोटांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"ही अजून आहे?"

"आहे."

"नथ?"

"घातलीय."

"पिशवी?"

"तीपण."

"माझे बूट कुठेत?" हे म्हणाले.

मुलाने गाडीने नेलं. कवडीच्या बंधाऱ्यावर पाण्याला फेस होता आणि वास तर विचारू नये. झुडपांना प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकलेल्या. त्यातूनही पक्षी आले होते. कॅमेरेवाल्यांची रांग बसली होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आम्ही त्यांच्यापासून चार पावलांवर दगडावर बसलो.

"काय काय आहे?" ह्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. इतक्या वर्षांची सवय. मग लक्षात आलं, आणि हात तसाच वर राहिला.

"बोट दाखवलंस ना?"

"हो."

"आता बोटावर नाही भागायचं. नाव घे."

मी काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने बोल. डोळे गेलेत, त्यात कानही गेलेत असं वाटायला लावू नकोस."

दोन वर्षांनी टोमणा ऐकला मी. त्याने बळ आलं. "टिटव्या," म्हणाले, "दोन, डाव्या हाताला वाळूवर. पलीकडे खडकावर पाणकावळा, पंख वाळवतोय. आणि इकडे उथळात लांबटांग्या..."

जीभ चावली, पण उशीर झाला होता. टोपी घातलेल्या एक बाई कॅमेऱ्यातून डोळा काढून वळल्या. "आजी, लांबटांग्या कुठला हो?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "पुस्तकात त्याला शेकाट्या म्हणतात. पण तुम्ही त्याचे पाय बघा आणि सांगा, कुठलं नाव बरोबर आहे."

त्या बाईंनी बघितलं आणि त्या हसल्या. पक्ष्याकडे बघून हसल्या. मग हे माझ्याकडे तोंड करून हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी हसायला नको होतं." कुठल्या दिवशी, ते मी विचारलं नाही.

"आणि हळदीकुंकू?"

मी सगळं पाणी बघितलं. चक्रवाक होते, बगळे होते. हळदीकुंकू नव्हतं. आहे म्हटलं असतं तरी ह्यांना कळलं नसतं. पण मला ते म्हणवेना. "नाही आलेलं," मी म्हणाले.

"बोलावणं करून यजमानीण गायब," हे म्हणाले. "थांबू."

आम्ही थांबलो. शेंगदाणे खाल्ले. ऊन पाण्यावर आलं. मुलाने लांबून दोनदा घड्याळ बघितलं. तेवढ्यात ह्यांनी मान वर केली. थोडं ऐकलं, आणि उजवीकडच्या लव्हाळ्याकडे बोट केलं.

"तिकडे."

मला काहीच दिसत नव्हतं. पिशवीतून दुर्बीण काढून लावली, तर तिच्या खाचेतून तांदळाचा दाणा गालावर पडला. लव्हाळं हललं. आधी एक बाहेर आलं, मागून दुसरं. चोचीचं टोक पिवळं.

"नाव घे," हे म्हणाले. बोट अजून तसंच होतं.

"हळदीकुंकू," मी म्हणाले. कॅमेरेवाल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. आणि मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, ह्यांचं नाव घेतलं. उखाणा नाही, नुसतं नाव.

ह्यांनी बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "हळू. पाहुण्या उडतील."

घरी आल्यावर म्हणाले, "वहीत लिही." त्या वहीत मी कधी लिहिलं नव्हतं. "हळदीकुंकूमधला कु कसा काढायचा?" मी विचारलं.

"पहिला ऱ्हस्व, दुसरा दीर्घ. बदकाला काही फरक पडत नाही."

ती एक ओळ लिहिली. मग मागची कोरी पानं दिसली आणि मी हे सगळं लिहीत गेले. हे विचारतात, एवढं काय लिहितेस? मी म्हणते, पक्ष्यांची नावं.