पुनवेच्या उधाणाला

बाबा टगवर सारंग होते, म्हणजे तिचे कप्तान. टग म्हणजे बुटकी, दांडगट बोट. स्वतः माल नेत नाही, मालाने भरलेले बिनइंजिनाचे बार्ज ओढते. उभी हयात त्यांनी ओढण्यात घालवली. मागच्या पावसाळ्यात पॅरालिसिसने उजवी बाजू गेली आणि ते माझ्या बेलापूरच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत येऊन बसले. समोर खाडी. थंडीत सकाळचं धुकं वर उठलं की खडीचे बार्ज जाताना दिसायचे. बाबा तेवढंच बघायचे.

फिजिओवाली बाई रोज यायची. बाबा हातच पुढे करायचे नाहीत. हट्टी म्हणजे काय, विचारू नका! मीही कमी नाही. "बाबा, मला महाप्याला नोकरी आहे, तुमच्यापायी किती रजा काढू?" असं तोंडावर बोलायची. मग बसस्टॉपवर उभी राहून स्वतःचाच राग यायचा.

बोटवाल्यांच्यात एक रीत आहे. घरी बसलेल्या सारंगाच्या दारावरून त्याची टग गेली तर भोंगा देते, एक लांब, दोन आखूड. त्याने उजवा हात वर करायचा. बाबांची टग आठवड्यातून दोनदा जायची, भोंगा द्यायची आणि बाबा डावा हात मांडीखाली दाबून बसायचे. डाव्या हाताने सलाम? मेले तरी करणार नाहीत.

डिसेंबरात टग यायची बंद झाली. मी त्यांच्या जुन्या खलाशाला फोन केला. "ताई, भंगारात विकली तिला," तो म्हणाला. "सारंगमामांना नका सांगू."

नाही सांगितलं. "डॉकला गेलीय, तळ रंगवायला," असं ठोकून दिलं. सारंगाची पोर असून अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे! डॉकवर चढवलेली बोट उधाणालाच, म्हणजे अवस-पुनवेच्या मोठ्या भरतीलाच, पाण्यात उतरते, एरवी तिथे तरंगण्याइतकं पाणीच नसतं. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. बोलून गेले आणि बाबांना दिवसच ठरवून दिला.

"मंग पुनवेच्या उधानाला येल," बाबा म्हणाले. महिन्याभरात इतकं लांब वाक्य बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फिजिओवाली आली तर त्यांनी आपणहून हात पुढे केला. दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं, पण थांबायचे नाहीत. आधी बोटं हलली, मग मनगट, मग कोपर. बाई म्हणाली, "काका, चमत्कार आहे हा." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाने नाही, भीतीने. रोज ठरवायची, आज सांगून टाकू. रोज तो हात आणखी थोडा वर जायचा आणि माझी जीभ आत जायची.

पुनवेला त्यांनी दाढी करून घेतली. टोपी मागितली. मी सुट्टी टाकली होती; टग येणार नाही हे कळेल तेव्हा जवळ असावं म्हणून.

पण टग आली.

दुपारी, भरतीला. भंगारवाल्यांनाही बोट किनाऱ्यावर चढवायला उधाणच लागतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पुढे एक अनोळखी टग होती आणि तिच्या दोराला बाबांची टग. केबिनच्या काचा काढलेल्या, आत कुणी नाही. भोंगा वाजला नाही. वाजवणार कोण?

बाबांनी उजवा हात उचलला. खांद्याच्याही वर, टोपीपर्यंत. ती वळणाआड जाईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.

मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला म्हाईत व्हता?"

मी हो म्हणाले.

"खुर्ची आत घे."

फिजिओवाली त्यानंतरही येत राहिली. तो हात मांडीवर असायचा, ती उचलायची, सोडायची, तो पडायचा. महिनाभर बघून काल ती मला दाराशी म्हणाली, "ताई, पैसे फुकट घेतल्यासारखं वाटतं, उद्यापासून नाही आले तर चालेल ना?" मी म्हटलं, नका येऊ.