ताई बटण दाबत राहिली

मिमिक्री करणाऱ्या पोराची आठवण म्हटल्यावर तुम्ही खुर्ची पुढे ओढली असणार. आता हा गणपतीतलं स्टेज सांगेल, टाळ्या सांगेल, मग कुणीतरी मोठा माणूस येऊन याच्या पाठीवर थाप मारेल. सॉरी. यात इन्कम टॅक्सचं रिटर्न आहे. ज्यांना जायचंय त्यांनी आत्ताच जा, मी कुणाचा आवाज काढून थांबवणार नाही.

लालबागच्या चाळीत आमची एक खोली. आई, ताई आणि मी. मी शाळा कुडाळला मामाकडे केली. अभ्यास सोडून सगळ्या मास्तरांचे आवाज शिकलो आणि नोकरीसाठी परत आलो. ताईचे कान लहानपणी तापात गेले. जे थोडंफार ऐकू यायचं ते कानातल्या मशीनने. सुट्टीत आलो की मी तिला मास्तर करून दाखवायचो. आवाजाचा काय उपयोग, म्हणून नुसता चेहरा. भुवया, जबडा, नाकपुड्या. ती पोट धरून हसायची. माझी सगळ्यात चांगली पब्लिक तीच.

ते मशीन एक दिवस धुण्याच्या बादलीत पडलं आणि मेलं. नवीन घेणं माझ्या पगारात बसेना. आणि ताई गप्प झाली. आधी पूर्ण चाळीला पुरेल एवढी बडबड करायची. आता भिंतीकडे तोंड करून ब्लाऊजना हुक लावत बसायची. म्हणजे कुणी काही बोललं तरी कळायचा प्रश्नच नाही.

आमच्या परळच्या ऑफिसात हिशेब बघायला गिरगावचे एक कॅथलिक अंकल आहेत. त्यांची नक्कल मी त्यांच्याच टेबलाशी करतो आणि तेच सगळ्यात जोरात हसतात. त्यांनी मला पकडलं. "मॅन, तुझी सिस्टर तुझ्यावर डिपेंडंट हाय ना? तिला ऐकायला येत नाय ना? मग तुला टॅक्समध्ये तेची सूट मिळते. कोण मागतच नाय! सरकारी सर्टिफिकेट काढ, जुन्या पद्धतीने रिटर्न भर, कापलेला टॅक्स परत येल. पन लास्ट डेटच्या आत हां. नंतर जुनी पद्धत बंद."

मी तर जिना उतरेपर्यंत डोक्यात मशीन विकत घेऊन तिच्या कानात पण घातलं.

घरी सांगितलं तर आई उसळली. "सर्टिफिकेट? सरकारी शिक्को बसात तिच्यावर. मगे कोण येतलो बघूक?"

ताईला बघायला लोक यायचे तेव्हा आईने एक पद्धत बसवली होती. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, तो थांबला की मान हलवायची, तो हसला की हसायचं. ताई त्यात एवढी तयार झालेली की पाहुणे पोहे खाऊन जायचे तरी त्यांना पत्ता नसायचा. कुठून तरी नंतर कळायचं. मग निरोप यायचा नाही.

आईला पटवण्यात दिवस गेले. शेवटी ती म्हणाली, "ने. पण भायर कोणाक सांगा नको." शेजारी आम्ही सांगितलं, ताईची दाढ काढायला चाललोय.

इस्पितळात एक छोटी खोली, मध्ये काच. आत ताई, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेच्या अलीकडे टेक्निशियन आवाज सोडायला. सोडताना तो किंचित भुवया उचलायचा. त्याला स्वतःला माहीत नसणार. ताईने लगेच हेरलं. भुवई वर, बटण. भुवई वर, बटण. मला आधी हसू आलं. मग कळलं, ती आवाजावर नाही, भुवईवर बटण दाबतेय.

"अहो, यांना तर बरंच ऐकू येतंय," टेक्निशियन म्हणाला.

आई एवढी हसली की मी तिला तसं हसताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. "मी काय सांगलंय तुका?"

डॉक्टरांनी मागे उभं राहून ताईला हाक मारली. ताई समोरचं कॅलेंडर बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, "मशीनवर एक आणि प्रत्यक्षात दुसरंच. असं सर्टिफिकेट मी देऊ शकत नाही. झोपवून, डोक्याला वायरी लावून टेस्ट करावी लागेल. तारीख घ्या."

मिळालेली तारीख रिटर्नच्या लास्ट डेटनंतरची. मी हात जोडले, पण रांगेत सगळेच हात जोडून होते.

कुणाची तरी तारीख रद्द होईल, आपला नंबर आधी लागेल, या आशेवर मी रिटर्न न भरता बसून राहिलो. लास्ट डेट गेली. मग टेस्ट झाली. झोपलेल्या माणसाला भुवया दिसत नाहीत. सर्टिफिकेट आलं, त्यात लिहिलेलं एवढं वाईट होतं की आईने ते उलटं करून ठेवलं. उशिरा भरलेल्या रिटर्नला नवीन पद्धत आपोआप लागली. तिथे ताई नावाची सूटच नव्हती.

अंकलनी चष्मा काढला. "अरे येड्या, टायमात जुन्या पद्धतीने साधा रिटर्न टाकून ठेवायचा होता! सर्टिफिकेट आल्यावर सुधारता आला असता. विचारायचं तरी!"

पुढच्या वर्षी मिळेल, असं सगळे म्हणतात. तोपर्यंत भिंत आहेच.

त्या संध्याकाळी ताईच्या समोर जाऊन बसलो. सूट गेली, मशीन गेलं, हे कसं सांगायचं सुचेना, म्हणून त्या टेक्निशियनच्या भुवया करून दाखवल्या. ती हसली नाही. सुई खाली ठेवली आणि कित्येक महिन्यांनी तिचा आवाज निघाला, सपाट, फाटलेला, पूर्ण गॅलरीला ऐकू जाईल असा.

"बंद कर ते थोबाड! तू पण आणि आई पण! लहानपणापासून काय शिकवलंत मला? ऐकू येतं असं दाखव. लोक आले, दाखव. दुकानात गेलो, दाखव. शिकले ना मी? मग त्या खोलीत बसवलंत तेव्हा एकाने तरी सांगितलं, की आज नाही दाखवायचं? मला वाटलं मी पास होतेय! आई काचेतून हसत होती, मी अजून जोरात बटण दाबत होते! टॅक्स तुझा, लाज आईची, आणि कान? कान कुणाचा होता रे? एकदा समोर बसून नीट विचारायला काय झालं होतं? आता खाली काय बघतोस? तोंड वर कर. वर कर आणि बोल!"