तलावाच्या पाळीवर धुतलेली जीप

आमच्या घरी जीप होती, आणि ती चालत होती तोवर बाबांचा गावात तोरा होता. लाखांदूरच्या पुढे, धानाच्या बांध्यांत अडकलेलं आमचं गाव. दवाखान्याने तातडीच्या रोग्यांसाठी हीच जीप कंत्राटाने लावली होती. कुठे साप चावला, कुठे बाई अडली, की माणूस धावत आमच्या दाराशी. बाबा मालक, धाकटे काका चालवणारे. दोघे भाऊ एका ताटात जेवायचे.

रोगी भंडाऱ्याला जिवंत पोचला, तर जीप चिखलासकट तशीच उभी राहायची. धुतली तर हातचं यश धुऊन जातं, अशी बाबांची समजूत. वाटेत कुणी गेलं, तर मात्र बाबा स्वतः जीप तलावाच्या पाळीवर न्यायचे, बादल्या ओतून धुवायचे आणि पुढ्यात नारळ फोडायचे. गेलेल्याचा मान म्हणून. त्या दिवशी ते कुणाशी बोलत नसत.

ऐंशी सालानंतर दवाखान्याची स्वतःची पांढरी गाडी आली आणि कंत्राट संपलं. साधी गोष्ट होती, पण बाबांना ती साधी वाटेना. "कंत्राट असं संपत असते का? कोणीतरी आग लावली." कोणी लावली याचा शोध त्यांनी घरातच सुरू केला. काका दवाखान्यातल्या कारकुनाबरोबर चहा पिताना कुणाला तरी दिसले होते. काका तर साऱ्या जगाबरोबर चहा प्यायचे. बाबांना तेवढं पुरे झालं.

मग बाबांनी जीप लग्नांसाठी भाड्याने द्यायची ठरवली. शेजारगावचे पाहुणे आले, गाडी ठरवून गेले, आणि आठवड्यात परत येऊन "जमत नाही भाऊ" म्हणाले. कारण काही सांगेनात. दुसऱ्यांनीही तेच केलं. ज्या गाडीत माणूस गेलं तिच्यात नवरी बसवत नाहीत, हे आम्हालाही कळत होतं. पण रोगी कुठल्या कुठल्या गावचे; वाटेत कोण गेलं हे दोघा भावांशिवाय इथे कुणाला माहीत, असा बाबांचा हिशेब.

काकांच्या हाती लागू नये म्हणून पेट्रोलचा डबा माजघरात गेला. काका आले की बोलणी थांबायची. मीसुद्धा त्यांच्यावर डोळा ठेवू लागले: कुणाच्या घराकडून आले, येताना का हसले. संशय खरजेसारखा असतो, एकाला झाला की घरभर होतो.

एके दिवशी जेवता जेवता बाबा काकांवर उसळले. "तूच सांगत फिरून राहिला."

"मी कायले सांगू, भाऊ? माही बी भाकर त्याच जीपवर आहे ना."

बाबांनी किल्ली मागितली. काकांनी ती ताटाशेजारी ठेवली, हात धुतला आणि त्याच आठवड्यात काकूला घेऊन नागपूरला गेले, ट्रक चालवायला. जीप चिंचेखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या.

माझं लग्न तलावापलीकडच्याच गावात ठरलं. बाबांनी मिस्त्री बोलावून जीप चालू केली, आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. बिदाईच्या वेळी सासरकडची एक म्हातारी आडवी आली. "इच्यात नको बसवू नवरी."

बाबांचा आवाज चढला. "कोणं सांगतलं तुमाले? नाव सांगा!"

म्हातारीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सांगाले कोण पायजे, बापा? तू गाडी धुवाले आणली का आमी समजत होतो, आज कोणीतरी गेलं. पलीकडून हात जोडत होतो. तुह्यावानी कोण करते?"

मला बैलगाडीत बसवलं. मला रागाने रडू फुटलं. बाबांचा राग, म्हातारीचा राग, माझा स्वतःचाही. बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.

बाबा जीपला टेकून उभे होते. आईला म्हणाले, "मंग त्याले काहून हाकललं मी?"

आईने पदराने तोंड पुसलं. "आता मले इचारता? भाऊजीले पोरीच्या लग्नाले तरी बोलवाचं होतं."