पिवळ्या फरशीवरचा लाल गालिचा

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातनं चहा आला होता, आणि शर्ट माझा खराब झाला.

तर मी कोल्हापुरातल्या एका छोट्या संग्रहालयाचा मॅनेजर. दृष्टिहीन माणसांनाही आपलं संग्रहालय बघता यावं, म्हणून मी वर्षभर समितीच्या हात धुऊन मागे लागलो. शेवटी दारापासून आतपर्यंत पिवळ्या फरश्या बसल्या. पायाला नाहीतर काठीला उंच रेघा लागल्या की सरळ चालायचं, टिपके लागले की थांबून वळण बघायचं. वाटेच्या टोकाला एक दालन. तिथला वीरगळीचा जुना कोरीव दगड, घंगाळ, हुपरीचे चांदीचे पैंजण, सगळं हात लावून बघायचं. शेजारी ब्रेलमध्ये माहिती.

पण आमच्या अध्यक्षांना, म्हणजे आबांना, हे काही पटेना.

"आंधळी माणसं एकटी फिरत्यात व्हय? उद्घाटनाला कुणाचा हात न धरता फिरू देत, मग मानतो. न्हाईतर फरशी उखडून तिथं लग्नाचा हॉल करणार, आधीच सांगून ठेवतो."

म्हणजे माझी सगळी इज्जत त्या फरशीवर. आणि पाहुण्या कोण? कागलच्या चौगुले बाई. स्वतः जन्मांध, अंध मुलांच्या शिक्षिका. सोबत त्यांचे विद्यार्थी.

आता तुम्हीच सांगा, कोल्हापुरात पावणं येणार आणि आपण त्यांना नुसत्या फरशीवरनं चालवायचं? लोक काय म्हणतील? त्यात ती फरशी पिवळीधमक, खडबडीत, दिसायला अगदीच बेंगरूळ. मी आदल्या दिवशी शाहूपुरीतनं नवा कोरा लाल गालिचा आणला, स्वतःच्या खिशातनं. चांगला जाड बघून घेतला, पाय बुडला पाहिजे. दारापासून दालनापर्यंत अंथरला. तरी बोडकं वाटलं म्हणून कडेनं कुंड्या मांडल्या. वीरगळीला झेंडूचा हार घातला. लांबून बघितलं आणि स्वतःचीच दृष्ट काढावीशी वाटली.

बाई आल्या. मी नमस्कार करून बाजूला झालो. त्यांनी पांढरी काठी टेकली. मऊ. डावीकडं टेकली, मऊ. उजवीकडंही मऊ.

"दादा, वाट कुठं हाय?"

"ही काय बाई, तुमच्या पायाखालीच."

"पायाखाली गादी हाय."

तेवढ्यात एका मुलीची काठी कुंडीला लागली. "बाई, हितं झाड हाय."

"म्हंजे आपण अजून बागेतच हाय," बाई म्हणाल्या. "संग्रहालय पुढं असंल."

आणि मी? मला अजूनही कळलं नव्हतं, बरं का. मी पुढं होऊन म्हणतो, "घाबरू नका, मी हात धरतो की."

मागनं आबा म्हणाले, "धरा, धरा. तुम्ही हात धरा, मी हॉलची बुकिंगं धरतो."

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. ज्या फरशीसाठी वर्षभर भांडलो, तिच्यावर मीच पांघरूण घातलं होतं. इस्त्रीच्या कपड्यांत तसाच गुडघ्यावर बसलो आणि गालिचा गुंडाळत सुटलो.

फरशी उघडी पडली मात्र, बाईंची काठी टकटक करत निघाली ती थेट दालनात. मागोमाग मुलं. रेघेवर सरळ, टिपक्यावर वळण, कुणाचा हात नाही की बोट नाही. एका पोरानं वीरगळ चाचपली. "बाई, वर झेंडू हाय. पण खाली घोडा हाय, घोड्यावर माणूस, हातात तलवार."

आबा पुढं झाले. मग डोळे मिटून त्यांनीही दगडावर हात फिरवला. "आयला, लहानपणापासनं ह्यो दगड बघतोय. घोडा कधी दिसला न्हाई." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मानलं मॅनेजर. फरशी ऱ्हाऊ दे."

खरं सांगतो, मला रडू आलं. जिंकलो होतो.

आणि गालिचा? तो बाईंनी टाकू दिला नाही. "ह्योबी दालनात ठेवा," म्हणाल्या. त्याची ब्रेलमधली पाटी त्यांनी स्वतः करून पाठवली. आता जो अंध पाहुणा येतो, तो त्या पाटीवर बोटं फिरवतो, पोट धरून हसतो आणि मला विचारतो, "ते तुम्हीच का?"

पाटीवर काय लिहिलंय ते कुणी सांगत नाही. सगळ्यांना वाचता यावं म्हणून वर्षभर भांडलो, आणि आता रोज त्या पाटीपुढं अडाण्यासारखा उभा असतो, तो मीच.